‘होतला मगे’ आणि ‘किती वाजता?’

आमच्या मालवणी मुलखात एक उत्तर आहे जे जवळपास सगळ्या प्रश्नांना चालतं. काम कधी होणार, होतला मगे, म्हणजे होईल मग. फिटर कधी येणार, येतलो मगे. मी देवगड तालुक्यात आंब्याच्या पल्पच्या फॅक्टरीत शिफ्ट बघतो, 11 वर्षं झाली, आणि या 11 वर्षांत मी हे उत्तर किती वेळा दिलं असेल त्याला गणतीच नाही. ते उत्तर चुकीचं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. मग आमच्याकडे नवीन मॅडम आल्या प्लांट हेड म्हणून, घाटावरच्या, आधी डेअरीत काम केलेल्या, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, किती वाजता?

मी म्हटलं होईल मॅडम, बघतो. तर त्या म्हणाल्या, होईल हे कळलं, किती वाजता होईल?

हे सगळं लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण अशा माणसाच्या हाताखाली काम करणारे खूप जण असणार, आणि बहुतेकांचं तेच होत असणार जे माझं पहिल्या सिझनला झालं, म्हणजे पोटात गोळा, रविवारी संध्याकाळपासूनच सोमवारची धास्ती, आणि कँटीनमध्ये दिवसभर त्यांच्याबद्दलच्या गजाली. मॅडम रोज सव्वाआठला मिटिंग घ्यायच्या, सगळ्यांनी उभं राहूनच, खुर्च्या नाहीत. काल किती पल्प भरला? चांगला झाला मॅडम. चांगला म्हणजे किती? साधारण... साधारण नको, आकडा सांगा. मग शांतता. सगळे खाली बघतायत, कुणी टोपी नीट करतोय, आणि त्या मात्र पेन उघडून तशाच उभ्या. मिटिंग 10 मिनिटांत संपायची, पण ती 10 मिनिटं काय जायची ते आमचं आम्हाला माहीत.

आता ‘होतला’ बद्दल थोडं सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं हा आळस आहे आणि ते मला पटत नाही. ज्या वाडीत रोज सकाळ-संध्याकाळ तीच माणसं समोर येतात तिथे तोंडावर ‘नाही जमणार’ म्हणणं म्हणजे संबंध तोडल्यासारखं होतं. शिवाय आमच्याकडे लाईट कधी जाईल, पाऊस कधी येईल, घाट कधी बंद होईल याचा भरवसा नाही, मग वेळ देऊन खोटं पडण्यापेक्षा होतला बरं. आणि खरं सांगायचं तर ‘होतला’ एकच नाही. पटकन म्हटलेला होतला म्हणजे खरंच होणार. लांबवलेला होतलाऽऽ म्हणजे आज काही खरं नाही. आणि दुसरीकडे बघत म्हटलेला होतला म्हणजे सरळ नकार. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही हा फरक कळतो. मॅडमना तो कळणं शक्यच नव्हतं, त्यांना तिन्ही सारखेच ऐकू यायचे, आणि तिन्ही वेळा त्यांना उत्तर मिळालंच नाही असं वाटायचं. मग त्या परत विचारायच्या, थोड्या वरच्या आवाजात. आम्हाला वाटायचं चिडल्या. मग आम्ही अजून कमी बोलायचो. हे चक्र पहिले दोन महिने चाललं, आणि ते दोन्हीकडून चाललं होतं हे मला फार उशिरा कळलं.

कळलं कसं तर बॉयलरमुळे.

मे महिन्याचा मधला आठवडा. ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एप्रिलभर चांगला हापूस पेटीतून मार्केटला जातो आणि मेच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत जो माल येतो तो बराचसा कॅनिंगला. म्हणजे आमचा सिझन पंचवीस-तीस दिवसांचा, वर्षाचा धंदा तेवढ्यात. पिकवणीच्या रूममधून आंबा बाहेर काढला की तो थांबत नाही. आज काढला तर आजच कापला पाहिजे, पल्परमधून गेला पाहिजे, गरम होऊन डब्यात भरला पाहिजे. आणि गरम करायला वाफ लागते. वाफ बंद तर सगळंच बंद. पल्प तसाच ताटकळत ठेवला की रंग काळपटतो आणि काही तासांत आंबूस वास यायला लागतो.

त्या दिवशी 11 वाजता बॉयलरला पाणी देणारा पंप बसला. मी फिटरला फोन केला, तो कणकवलीला दुसऱ्या कामावर, म्हणाला येतंय. मॅडमचा फोन आला साडेअकराला, काय चाललंय? मी म्हटलं जरा पंपाचा प्रॉब्लेम आहे, होईल. एक वाजता परत, मी म्हटलं फिटर निघालाय. तो निघाला नव्हता, पण निघेल असं मला मनापासून वाटत होतं. तिकडे पिकवणीच्या रूममधून क्रेट बाहेर येतच होते, कारण ते थांबवा असं कुणी सांगितलंच नव्हतं. चार वाजता मॅडम स्वतः खाली आल्या. त्यांनी रांगेतले क्रेट बघितले, हात लावून एक आंबा दाबून बघितला, आणि मला काहीच बोलल्या नाहीत. तिथेच उभं राहून पाच-सहा फोन केले. अर्ध्या तासात एक टेम्पो लागला आणि अर्ध्याहून जास्त माल रत्नागिरीकडच्या दुसऱ्या एका युनिटला गेला. उरलेल्यातले 40 क्रेट वाया गेले. 20 किलोचा एक क्रेट, म्हणजे 800 किलो. हापूस. मी ते बाहेर टाकताना तिथेच उभा होतो, आणि बागायतदाराच्या घरातला असल्यामुळे ते बघणं मला फार जड गेलं.

संध्याकाळी केबिनमध्ये बोलावलं. मी तयारी करून गेलो होतो की आता नोकरी जाते. त्या म्हणाल्या, तुम्ही मला 11 वाजता का नाही सांगितलंत? मी म्हटलं, मॅडम तुम्ही ओरडला असता. त्यांनी थोडा वेळ विचार केला, खरंच केला, आणि म्हणाल्या, “हो, कदाचित ओरडले असते. पण आंबा वाचला असता.”

हे वाक्य घेऊन मी घरी गेलो. रात्री झोप नाही. कारण त्यात त्यांनी स्वतःचं काही लपवलं नव्हतं. मी इतके दिवस समजत होतो की या बाईंना आमच्यावर डाफरायला आवडतं. त्यांचं लक्ष आमच्यावर नव्हतंच, ते 800 किलोवर होतं. वाईट बातमी 11 ला मिळाली तर त्यांच्या हातात पाच तास होते, चारला मिळाली तेव्हा काही नव्हतं. मी सौजन्य म्हणून जे करत होतो त्याने मी त्यांच्या हातातले पाच तास काढून घेतले.

त्यानंतर पावसाळ्यात, काम मंद असताना, कंपनीने एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवलं, त्यात ते चार अक्षरांचं चक्र होतं, डी, आय, एस, सी. बऱ्याच ऑफिसांत हे झालं असेल. एक फॉर्म भरायचा आणि मग तुम्ही कोण ते निघतं. मॅडम डी निघाल्या, ठासून डी. डी म्हणजे डॉमिनन्स, वर्चस्व म्हणा, पुढाकार म्हणा, म्हणजे थेट बोलणारा, झटपट निर्णय घेणारा, अडथळा दिसला की अंगावर घेणारा, रिझल्ट मागणारा माणूस. मी एस निघालो, सांभाळून घेणारा, सगळ्यांशी जुळवून घेणारा, बदल नको असलेला. आम्हा दोघांचं का वाजत होतं ते त्या कागदावर इतकं स्वच्छ दिसत होतं की मी तो घरी आणून बायकोला दाखवला.

मग मला नाद लागला आणि मी वाचत गेलो. यामागचा मूळ विचार विल्यम मार्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा, 1928 सालच्या त्याच्या पुस्तकातला. त्याने स्वतः असली टेस्ट काढली नव्हती, ती पुढे दुसऱ्यांनी बनवली. (हाच माणूस रक्तदाबावरून खोटं पकडायच्या प्रयोगात होता आणि कॉमिकमधली वंडर वुमन पण याचीच, 1941 ची. माझ्या मुलीला हे सांगितल्यावर तिला बापाच्या वाचनाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.) मला मार्स्टनचं जे पटलं ते असं, की तो म्हणतो माणूस समोरची परिस्थिती आपल्याला अनुकूल धरतो की विरोधी, आणि त्यापुढे स्वतःला बलवान समजतो की कमकुवत, यावर त्याचं वागणं ठरतं. डीवाला माणूस परिस्थिती विरोधी आहे असंच धरून चालतो आणि आपण तिच्यापेक्षा बलवान आहोत असंही धरून चालतो. हे वाचलं आणि मला सव्वाआठच्या मिटिंगमधल्या मॅडम दिसल्या. त्या आमच्याशी भांडत नव्हत्या. त्या पावसाशी, पंपाशी, पिकत चाललेल्या आंब्याशी भांडत होत्या, आणि आम्ही मध्ये उभे होतो.

पण या चार खणांवर मी फार विसंबणार नाही, आणि तुम्हीही विसंबू नका. संशोधन करणारे लोक जास्त करून ‘बिग फाइव्ह’ म्हणजे स्वभावाच्या पाच मोठ्या पैलूंनुसार विचार करतात, आणि त्यात मला एक गोष्ट सापडली जी ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितली नव्हती. आपण ‘ठाम आणि रिझल्टवाला’ असं एका दमात म्हणतो, पण त्या मांडणीत या दोन गोष्टी वेगवेगळ्या घरात बसतात. ठामपणा येतो बहिर्मुखतेत, आणि काही करून दाखवायची, पूर्ण करायची ओढ येते कर्तव्यदक्षतेत. म्हणजे एक असला की दुसरा असेलच असं नाही.

आता याचा विचार करा. माझे काका. 300 कलमांची बाग, आयुष्यात आवाज चढवलेला मी ऐकला नाही, गड्याला काम सांगतानाही ‘बघ रे जमलं तर’ असं सांगायचे, पण मोहोराच्या वेळची फवारणी एक दिवस इकडची तिकडे झाली नाही आणि झाडावरून आंबा उतरवायचा दिवस ते कॅलेंडरवर लिहून ठेवायचे आणि त्याच दिवशी उतरायचा. रिझल्ट पक्का, ठामपणा तोंडात शून्य. आणि उलटं उदाहरण म्हणजे आमचे आधीचे एक साहेब. आवाज असा की गेटवर ऐकू यायचा, टेबलावर हात आपटायचे, पण 2021 च्या मे मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा काय झालं ते मी विसरू शकत नाही. एका रात्रीत बागा झडल्या, सकाळी बागायतदार पडलेला माल घेऊन गेटवर, घ्यायचा की नाही, कुठल्या भावाने, किती मार लागलेला चालेल, कुणीतरी ठरवायला पाहिजे होतं. साहेब फोनवर वरच्यांची परवानगी मागत राहिले. दुपार झाली. लोक तसेच माल परत घेऊन गेले, काहींचा तर रस्त्यातच गेला. त्या दिवशी गेटवर मॅडम असत्या तर सकाळी सातला भाव फळ्यावर लागला असता, हे मी आज छातीठोकपणे सांगतो. म्हणून नुसता आवाज मोठा असलेल्या माणसाला ‘डॉमिनंट आहेत, रिझल्टवाले आहेत’ म्हणून सूट देऊ नका. रिझल्ट कुठे आहे ते बघा आधी.

कोकणातल्या माणसाला याचं सगळ्यात मोठं उदाहरण रोज दाराशी आहे, ते म्हणजे कोकण रेल्वे. ती बांधणारे इंजिनियर ई. श्रीधरन रेल्वेतून निवृत्त झाले आणि 1990 मध्ये कोकण रेल्वेची धुरा घेतली. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण 740 किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा, पानवलचा पूल साठ मीटरपेक्षा उंच, आणि 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग सुरू. ज्यांनी आधी मुंबईला जायला एसटीत अख्खी रात्र अंग मोडून घेतलंय त्यांना हे काय होतं ते माहीत आहे. पुढे दिल्ली मेट्रोत त्यांनी ऑफिसांमधून उलटे दिवस मोजणारी घड्याळं लावली होती, काम संपायला किती दिवस राहिले ते दाखवणारी, म्हणजे ‘किती वाजता?’ हा प्रश्न भिंतीवरच लावून टाकला. पण माणूस आरडाओरडा करणारा म्हणून ओळखला गेला नाही, उलट शांत आणि ऑफिसातून वेळेवर घरी जाणारा म्हणूनच. कोकण रेल्वेच्या वेळी त्यांनी अख्ख्या मार्गाचे सात भाग केले आणि प्रत्येक भागाच्या चीफ इंजिनियरला तिथल्या तिथे निर्णय घ्यायचे अधिकार दिले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रिझल्ट मागायचा असेल तर त्या माणसाच्या हातात निर्णयही द्यावा लागतो, नाहीतर तो आकडा कुठून आणणार?

हेच मी मॅडमना पुढच्या सिझनआधी बोललो. सरळ गेलो केबिनमध्ये, उभ्या उभ्या, आणि त्यांच्याच पद्धतीने बोललो, आधी काय पाहिजे ते आणि मग का. मॅडम, पिकवणीच्या रूममधून माल बाहेर काढायचा थांबवण्याचा अधिकार मला द्या, फोन न करता. बॉयलर 20 मिनिटांपेक्षा जास्त बंद राहिला तर मी क्रेट थांबवणार आणि मग तुम्हाला कळवणार. त्यांनी विचारलं, 20 च का? मी म्हटलं, त्यापुढे लाईनवर जो माल जमतो तो संध्याकाळपर्यंत संपत नाही, मागच्या सिझनच्या वहीत बघितलंय. चालेल, म्हणाल्या. एवढंच. मी तासाभराच्या वादाची तयारी करून गेलो होतो आणि दोन मिनिटांत बाहेर आलो.

तेव्हापासून मी काही गोष्टी बदलल्या, त्या तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून सांगतो. बातमी वाईट असेल तर ती पहिल्या वाक्यात. आमच्याकडे आधी हवापाणी, मग घरची चौकशी, मग हळूच मुद्दा, ते सगळं कँटीनला राहू दिलं. वेळ नक्की माहीत नसेल तर ‘होईल’ म्हणायच्या जागी ‘आत्ता माहीत नाही, 12 वाजता सांगतो’ म्हणायचं आणि 12 ला खरंच सांगायचं, काही झालं नसेल तरी. यात जादू आहे हो. ज्या दिवसापासून मी 12 ला न चुकता फोन करायला लागलो त्या दिवसापासून त्यांचे मधले फोन बंद झाले, कारण त्या फोन करत होत्या ते अंधारात होत्या म्हणून. आणि नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणायचं. मला वाटायचं नाही ऐकून अशी माणसं खवळतात. त्यांनी एकदा एका दिवसाला 12 टन धरले होते, मी म्हटलं 9 च होतील, कापणाऱ्या बायका कमी आहेत, वाडीत लग्न आहे. त्यांनी 12 खोडून 9 लिहिले आणि पुढचं पान उलटलं. न चिडता. आमच्यातले दोघं-तिघं ‘हो मॅडम’ म्हणून 12 कबूल करायचे आणि संध्याकाळी 8 द्यायचे, त्यांच्यावर मात्र त्या खवळायच्या.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर हे सगळं भाटगिरीसारखं होईल. अशा माणसासोबत दमायला होतं. काम चांगलं झालं तर शब्द नाही, कारण त्यांच्या डोक्यात ते झालं म्हणजे संपलं, पुढचं काय. माझ्यासारख्या माणसाला पाठीवर एक थाप लागते, त्याशिवाय वाटतं काहीतरी चुकलंच असणार. हे मी त्यांना सांगितलं, सांगायला लाज वाटली पण सांगितलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, चुकलं असतं तर मी बोलले असते ना. त्यांच्या लेखी गप्प बसणं हीच पावती होती.

ठामपणा किती असावा यावर 2007 साली एम्स आणि फ्लिन या दोन संशोधकांनी अभ्यास छापला होता. त्यात असं दिसलं की सहकाऱ्यांना जेव्हा एखाद्याच्या नेतृत्वातल्या उणिवा विचारल्या तेव्हा ठामपणाचाच विषय सगळ्यात जास्त निघाला, काहींबद्दल जास्त आहे म्हणून आणि काहींबद्दल कमी आहे म्हणून. मिठासारखं. नीट असतं तेव्हा कुणी नावच काढत नाही. मला हे वाचून बरं वाटलं, कारण त्यात मॅडमही होत्या आणि मीही होतो.

आणि अजून एक, जे लिहिताना मला बरं वाटत नाही. जुन्या साहेबांना आम्ही ‘कडक’ म्हणायचो आणि त्यात थोडं कौतुक असायचं. मॅडमना आम्ही ‘खडूस’ म्हणायचो. तोच प्रश्न, तोच आवाज, उलट त्यांचा आवाज कमीच. पुरुषाने आकडा मागितला की साहेब, बाईने मागितला की खडूस. मीही म्हणत होतो. मला दोन मुली आहेत आणि दोघींचा स्वभाव माझ्यासारखा नाही, त्यांच्या आजीसारखा आहे, तोडून बोलणाऱ्या. उद्या त्याही कुठेतरी फळ्यापाशी उभ्या राहून किती वाजता म्हणून विचारतील.

शेवटचं सांगतो ते मागच्या सिझनचं.

आंब्यात साका होतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. वरून फळ अगदी सोन्यासारखं, वासही चांगला, आणि कापलं की आत कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. उन्हाच्या तापाशी त्याचा संबंध आहे, हापूसला जास्त होतो, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने साका न होणारी ‘रत्ना’ जात काढली तीही हापूस आणि नीलमच्या संकरातून. वरून कितीही बघा, कापल्याशिवाय कळत नाही.

कटिंगच्या टेबलावर आमच्या एक काकी आहेत, साठीच्या आसपासच्या, सगळ्यात जुन्या. त्या दिवशी त्यांचं काम हळू चाललं होतं. शेजारच्या बाईचे दोन क्रेट होईपर्यंत यांचा एक. मॅडमच्या हातात तासाचा कागद होता, त्यावर आकडे, त्या थेट टेबलापाशी गेल्या आणि तीसेक बायकांसमोर म्हणाल्या, तुमच्यामुळे लाईन थांबलीय, जमत नसेल तर बाजूला व्हा. काकींनी सुरी खाली ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि गेटमधून बाहेर गेल्या. एक शब्द नाही.

मी त्यांच्या टेबलावरची बालदी बघितली. भरलेली होती साक्याने. त्या लॉटमध्ये साका खूप होता आणि काकी एकेक फळ उलगडून खराब भाग काढत होत्या. बाकीच्या आकड्याच्या भीतीने तसंच पुढे ढकलत होत्या. मी 100 आंबे मोजून कापले, 14 साक्याचे निघाले. ते 14 ताटात घेऊन केबिनमध्ये गेलो आणि टेबलावर ठेवले. म्हटलं मॅडम, शंभरात चौदा. काकी हळू नव्हत्या, त्या एकट्याच काम करत होत्या. मॅडमनी एक फोड उचलली, बोटाने तो पांढरा भाग दाबला, चाखून बघितली. मग लाईन थांबवायला सांगितली, तो लॉट बाजूला काढला. मग म्हणाल्या, त्या राहतात कुठे?

जीप काढली. वाडीत जायचा शेवटचा रस्ता पायवाटेचा, चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्हीकडे काजी. काकी पडवीत बसल्या होत्या आमसुलं निवडत. आम्हाला बघून उठल्या नाहीत. मॅडम उभ्याच राहिल्या, मी म्हटलं आता या काहीतरी घोळवून बोलतील, माणसाला अशा वेळी सुचतं तसं, दगदग होते, टेन्शन असतं वगैरे. तसलं काही नाही. म्हणाल्या, “मी चुकीचं बोलले. तुमचं काम बरोबर होतं. उद्या या.”

काकी म्हणाल्या, “बसा मॅडम, च्या टाकतंय.” आत गेल्या. आम्ही बसलो. चहा आला, सोबत घावणे होते सकाळचे, तेही आले. मॅडमनी खाल्ले. काकी समोर बसल्या, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, “माका बोललात ता सगळ्यांच्या समोर. ह्या पण सगळ्यांच्या समोर सांगशात?”

मी खाली बघितलं. आयुष्यभर ज्यांनी कुणाला नाही म्हटलं नसेल, होतला मगे म्हणत दिवस काढले असतील, त्या बाई प्लांट हेडला तोंडावर विचारत होत्या. मॅडमनी कप खाली ठेवला.

“सांगेन,” म्हणाल्या. “आठ वाजता.”

दुसऱ्या दिवशी आठला दोन मिनिटं कमी असताना त्या कटिंगच्या टेबलापाशी येऊन उभ्या होत्या.